वेदीपुढचा भुसा

१

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी सकाळी ऑकेनहॅम गावच्या चर्चचं दार उघडलं आणि पहिली आरोळी ठोकली ती खुद्द पाद्रीसाहेबांनी. पाद्री पेल पुढे कितीतरी दिवस सांगत होते की आपण ओरडलोच नाही, नुसतं ‘हे प्रभू’ म्हणालो. पण फाटकाशी बांधलेला घोडा ज्यामुळे बिचकला, त्याला ‘नुसतं म्हणणं’ कसं म्हणायचं?

वेदीपुढचा नवाकोरा कठडा कुणीतरी कापला होता. वरची लांबलचक पट्टी जमिनीवर आडवी पडलेली, आणि तिच्याखालचे कातीव, नाजूक दांडे एकूण एक गायब! फरशीवर उरला होता तो फक्त ओकच्या लाकडाचा पिवळसर भुसा.

सोळा वर्षांची मेहेटाबेल थर्लो मोठ्यांच्या काखांखालून वाट काढत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. एवढं लांबलचक नाव तिचा बाप फक्त रागावला की घ्यायचा. एरवी अख्ख्या गावाची ती हिटी.

तिनं पाहिलं ते असं. पवित्र मेज, म्हणजे वेदीच, पूर्वेच्या भिंतीला टेकून होतं तिथंच होतं. त्यावरचं वस्त्र नीट घडी घालून बाजूच्या बाकावर ठेवलं होतं आणि त्यावर भुशाचा कण नव्हता. आणि मेजासमोर, अगदी मधोमध, भुशात वाटीएवढा गोल खळगा होता. त्या खळग्याच्या मागे भुसा पंख्यासारखा झाडल्यागत सरकला होता.

‘केरसुणी फिरली असेल,’ हिटीच्या मनात आलं. ‘पण एवढ्याशाच जागी?’

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की सगळं चर्च वळून एकाच माणसाकडे बघतंय. तिच्या बापाकडे.

आता बघणारच की! जॅबेझ थर्लो विणकर म्हणजे गावातला सगळ्यात कट्टर प्युरिटन, चर्चमधला सगळा थाटमाट आणि कर्मकांड झिडकारणारा. बिशपचा हुकूम आला होता की लोकांमध्ये असलेलं मेज भिंतीला लावा, पुढे कठडा घाला आणि प्रत्येकानं त्या कठड्याशी येऊन गुडघे टेकून प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं दिलेली भाकर आणि प्याला, घ्यावं. कारण काय, तर मेजापाशी कुत्री येऊ नयेत! त्यावर जॅबेझ भर बाजारात गरजला होता, “कुत्री म्हणजे कोण, कळलं ना? आपण! त्या कठड्यापुढं गुडघे टेकायच्या आधी मी तो चुलीत घालीन!”

“थर्लो,” पाद्रीसाहेबांचा आवाज कापत होता, “काल दुपारी कुठं होतास?”

“घरी. मागावर.”

“साक्षीला कोण?”

“देव.”

“देव बिशपच्या कोर्टात येत नाही, जॅबेझ,” कोतवाल पुटपुटला आणि त्यानं त्याच्या दंडाला धरलं.

गुरुवारी बिशपचा तपासनीस येणार होता. त्याच्या हवाली केलं की आधी शहरातला तुरुंग, तिथला ताप, आणि जगून बाहेर आलाच तर बहिष्कार. म्हणजे कापड कुणी घ्यायचं नाही, बोलायचं नाही, आणि मेल्यावर पुरायला जागासुद्धा नाही.

“बाबा, तुम्ही केलंय का?” हिटीनं दाराशी त्याला गाठून विचारलं.

“मी केलं असतं,” जॅबेझ ताठ मानेनं म्हणाला, “तर छपरावर चढून सांगितलं असतं. लपवून ठेवायला मी काय चोर आहे?”

आणि कोतवालानं त्याला माल्टच्या, म्हणजे दारूसाठी मोड आणलेल्या जवाच्या, कोठारात कोंडून बाहेरून अडसर घातला.

२

हिटीचा बाप खोटं बोलत नसे. हा त्याचा सगळ्यात त्रासदायक गुण होता. गेल्या वर्षी स्वतःच्याच कापडातली गाठ गिऱ्हाइकाला दाखवून त्यानं चांगला सौदा घालवला होता. तेव्हा त्यानं कठडा कापला नव्हता, हे हिटीच्या लेखी पक्कं होतं. मग कापला कुणी?

ती सरळ हम्फ्री डॅगेटच्या कारखान्यात गेली. कठडा बनवला होता त्यानं. सुतार गडी आपल्याच मेलेल्या लेकराकडे बघावं तसा चर्चमधून आणलेल्या त्या पट्टीकडे बघत बसला होता.

“काय गं, तुझ्या बापानं माझ्या कामाची वाट लावली आणि तू इथं?”

“काका, बाबांनी नाही केलं.”

“हो का! मग मी केलं असेल.”

“केलंत का?”

डॅगेट आधी चिडला, मग हसलाच. “अगं वेडे, मला कठडा काढायचा असता तर करवत कशाला लावली असती? सगळा खुंट्यांवर बसवलाय तो. चार ठोके इकडून, चार तिकडून, की अख्खा कठडा हातात! हे बघ, कशी धसमुसळी कापाकापी! करवत कशी धरायची हेसुद्धा माहीत नव्हतं त्याला.”

“आणि एवढी करवत चालली ती कुणाला ऐकू कशी नाही आली?”

“येईल कशी? काल दुपारभर आम्ही मनोऱ्यात घंटा घुमवत होतो, ईस्टरची तयारी. मी, चर्चचा शिपाई, कोतवाल, सगळे. तेव्हा खाली कुणी तोफ उडवली असती तरी आम्हाला कळलं नसतं.”

म्हणजे हे सगळेच्या सगळे मनोऱ्यात. आणि पाद्रीसाहेब पलीकडच्या गावी आजारी माणसाकडे गेले होते, हे तर सगळ्यांना ठाऊक.

“मनोऱ्यातून खालचं अंगण दिसतं ना, काका? कुणी येताजाताना दिसलं?”

“कुणी नाही. पाद्रीणबाई तेवढ्या, शनिवारच्या धुण्याची टोपली घेऊन. तुझा बाप काही दिसला नाही, हेही सांगतो. पण पोरी, माझं ऐकणार कोण? गावात त्या कठड्याचा राग आणखी कुणाला आहे, एक तरी नाव सांग!”

हिटीला एक नाव माहीत होतं. ते उच्चारलं की गावातली म्हातारी माणसं इकडंतिकडं बघायची.

३

टेकडीवरच्या घरात राहणाऱ्या अर्सुला वेनरबाई उघडउघड पोपपंथी होत्या, रोमच्या पोपला मानणाऱ्या जुन्या पंथाच्या. चर्चला यायच्याच नाहीत. त्याबद्दलचा दंड दर वेळी हसत भरायच्या, नव्या टोपीचे पैसे मोजावेत तशा.

“थर्लोची पोरगी माझ्या दारात!” काठी टेकत त्या म्हणाल्या. “तुझ्या बापाला कळलं तर तुला पाण्यात बुडवून धुवून काढेल.”

“बाबा कोंडलेत, आजीबाई. म्हणून तर आले.”

“मग मी कापला का, असं विचारायला आलीस? अगं, ज्या चर्चमध्ये मी पाय ठेवत नाही तिथल्या कठड्याचा मला काय जाच? जाच होतो तो आत बसणाऱ्याला.” त्यांनी तिच्या हातावर आल्याची वडी ठेवली. “खा. विष नाही घातलेलं.”

वडी झकास होती. हिटीला जरा वाईटच वाटलं की पोपपंथीयांच्या घरच्या वड्या इतक्या चांगल्या असाव्यात. चघळता चघळता तिनं भुशातला तो खळगा सांगितला. मग मागचा पंखाही.

वेनरबाईंची काठी जागच्या जागी थांबली.

“एकच खळगा होता? दोन नाही?”

“एकच.”

“तुम्हा बापलेकींना कळणार नाही हे. तुम्ही लोक तर बसूनच भोजन घेता. पाद्री पेल मेजासमोरून जाताना कमरेत वाकतात. पण आम्ही जुन्या पंथाची माणसं वेदीसमोरून जाताना उजवा गुडघा जमिनीला टेकतो. एकच. लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं ते.” त्यांनी काठीनं आपल्या पायावर टकटक केलं. “माझा नाही हं! हा गेल्या कित्येक हिवाळ्यांत वाकलेला नाही.”

हिटी उठली. तिनं तिथंच, गालिच्यावर, एक गुडघा टेकला आणि उठून मागे वळून पाहिलं. तिच्या घागऱ्याच्या घेरानं गालिच्यावर सांडलेले वडीचे कण पंख्यासारखे मागे लोटले गेले होते.

केरसुणी कसली! बाई होती ती!

“आजीबाई,” हिटीनं विचारलं, “गावात जुन्या पंथाच्या आणखी कोण आहेत?”

“ते तुला मी सांगेन असं वाटलं तुला?” वेनरबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच घाबरलेला दिसला.

त्यांनी सांगायची गरजही नव्हती. हिटीच्या डोळ्यांपुढे मनोऱ्याखालच्या अंगणातून जाणारी धुण्याची टोपली आली होती.

४

पाद्रीणबाई बार्बरा पेल पीठ मळत होत्या. डाव्या हातानं.

“ये गं हिटी. तुझ्या बाबांना पाव पाठवणारच होते मी. बस.”

“उजव्या हाताला काय झालं, बाई?”

“भट्टीचा चटका.”

हिटीनं जवळ जाऊन ती चिंधी बघितली. चटका बसतो बोटांच्या टोकांना. ही चिंधी तळव्यावर होती, बोटांच्या मुळाशी. पहिल्यांदाच करवत चालवणाऱ्याला फोड येतात तिथं.

हिटीची आई गेली तेव्हा याच बाईंनी सगळा हिवाळाभर सूप पाठवलं होतं. विचारावं की पळून जावं? पण कोठारात बाप होता, आणि गुरुवार काही थांबणार नव्हता.

“बाई, तुम्ही मेजाला हात का नाही लावला?”

पिठातला हात थांबला.

“कुणी प्युरिटन असता तर त्यानं आधी मेज ओढून मधोमध आणलं असतं. कठडा नंतर. आमचा खरा राग तर मेज हलवल्याचाच आहे! पण तुम्ही वस्त्र काढलंत, झटकलंत, घडी घातलीत. भुसा पडू नये म्हणून. आणि मग समोरून जाताना गुडघा टेकलात.”

बार्बराबाई स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत. उलट इतका मोठा श्वास सोडला, की किती दिवस कोंडून ठेवला होता कोण जाणे.

“चर्चमध्ये कुणी नव्हतं,” त्या म्हणाल्या. “कुणी बघत नसलं की अंग आपोआप जुन्या वळणावर जातं. मला कळलंसुद्धा नाही.”

“पण कापलात कशाला?”

“आधी भाकर आणि प्याला बाकांवरून हातोहात फिरायचा. मी ओठ न लावता पुढं द्यायची. मी कुणालाच फसवत नव्हते गं, फक्त माझ्या मनाविरुद्ध घेत नव्हते. आता कठड्याशी गुडघे टेकायचे आणि माझ्याच नवऱ्यानं माझ्या हातावर भाकर ठेवून मी ती खाते का ते बघायचं. नाही खाल्ली तर त्यांनी माझं नाव बिशपला कळवायचं. दर रात्री मला वाटायचं, ईस्टर यायलाच नको.” त्यांनी डोळे पुसले, कपाळाला पीठ लागलं. “तुझ्या बाबांवर येईल असं खरंच डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं. दांडे धुण्याच्या टोपलीतून आणून त्या भट्टीमागे लपवलेत, तेही देते. मी आज सगळं सांगून टाकते.”

“मग पाद्रीसाहेबांचं काय होईल?”

“त्यांचं चर्च जाईल. पोपपंथी बायको असलेला पाद्री कोण ठेवून घेईल?”

हिटी मागच्या दारानं धावत सुटली. बापाला सोडवायची किल्ली हातात होती, आणि ती फिरवली की दुसरं घर कोसळणार होतं.

५

“पोपपंथी!” जॅबेझ कोठाराच्या झरोक्यातून फिस्कारला. “पाद्रीच्या स्वयंपाकघरात! आणि तो माणूस मला धर्म शिकवतो!”

“हळू बोला ना बाबा!”

मग त्याला हसूच फुटलं. इतकं, की झरोक्याचे गज धरून त्याला उभं राहावं लागलं. हिटीही हसली. 

“बाबा, मी सांगितलं तर तुम्ही आज सुटाल.”

जॅबेझ बराच वेळ आत येरझारा घालत राहिला. पोपपंथीयांबद्दल तो काय काय बोलतो ते हिटीनं जन्मभर ऐकलं होतं. तिला वाटलं, आता हा म्हणणार, ‘जा, सांग.’

“तिला मन मारून तो घास घ्यायचा नव्हता, म्हणून तिनं हे केलं?”

“हो.”

“मग माझ्याहून वेगळं काय केलं तिनं?” तो भिंतीला टेकला. “तिचा पंथ चुकीचा आहे. साफ चुकीचा. पण माझ्या मनात बिशपनं घुसू नये म्हणून भांडायचं, आणि तिच्या मनात त्याला मी स्वतः हात धरून नेऊन सोडायचं? नाही जमणार, मेहेटाबेल.”

“रागावलात माझ्यावर?”

“नाही गं.” त्यानं गजांतून तिचं नाक चिमटीत धरलं. “त्या दांड्यांचं काय केलं तिनं? जाळले?”

“वेदीपुढचं लाकूड जाळवेना त्यांना. भट्टीच्या मागे, पोत्यांखाली ठेवलेत.”

बापाच्या तोंडावर अशी काही कळा आली, जशी कडू औषध समोर आल्यावर लहान मुलाच्या तोंडावर येते.

“मग तो कठडा पुन्हा उभा करायला लागेल,” तो कण्हत म्हणाला. “कठडा जागेवर असला तर गुन्हा कसला? डॅगेटला विचार, दोन दिवसांत जमेल का. त्याला हाताखाली माणूस लागेल. देवा, तो माणूस मी असणार.”

“पण आधी पाद्रीसाहेबांनी तुम्हाला सोडायला हवं!”

“हो. ते तुझं काम.”

६

पाद्री पेल वाईट माणूस नव्हते. नियमांना घाबरणारे होते, बस. हिटी त्यांच्या खोलीत गेली तेव्हा बार्बराबाई पिठानं माखलेल्या, दाराशी उभ्या होत्या. अजून काही बोलल्या नव्हत्या, आणि आता बोलणारच होत्या.

“बाई, थांबा, आधी मी!” हिटी ओरडलीच. “साहेब, बाबांनी कठडा कापला नाही, आणि ते मी सिद्ध करते.”

“कर,” पाद्रीसाहेब थकून म्हणाले.

“मेज जागेवर होतं. बाबांनी केलं असतं तर त्यांनी ते आधी हलवलं असतं.”

“वेळ मिळाला नसेल.”

“दांडे एकेक कापून न्यायला वेळ होता, वस्त्राची सुबक घडी घालायला वेळ होता, आणि मेजाला एक धक्का द्यायला नव्हता? साहेब, ज्यानं हे केलं त्याला त्या मेजाचा मान आहे. तुमच्याइतकाच. तो माझ्या बाबांच्या पंथातला असूच शकत नाही.”

पाद्रीसाहेबांनी डोळे बारीक केले. “मग भुशातल्या त्या खुणा? मीही पाहिल्या त्या. मला वाटलं, कुणी पडलं असेल अडखळून.”

हिटीनं तोंड घट्ट मिटलं. पण पाद्रीसाहेब पुस्तकं वाचलेला माणूस. एक गोल खळगा. मागे घागऱ्याचा घेर. त्यांची नजर खोलीभर फिरत फिरत बायकोच्या हातावरच्या चिंधीवर येऊन थांबली.



“मी कापला,” बार्बराबाई म्हणाल्या.

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर बिशपपुढं शपथेवर तुम्हाला दोहोंतलं एक करावं लागलं असतं. खोटं बोलायचं, नाहीतर मला धरून द्यायचं. तुम्हाला दोन्ही जमलं नसतं.”

पाद्री पेल खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. हिटीला वाटलं, संपलं आता सगळं. मग त्यांनी विचारलं तेही तिला नाही, बायकोला. “इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून तू एकटी होतीस?”

“एकटी नव्हते. फक्त त्या एका घासापुरती.”

“हिटी,” ते वळून म्हणाले, “कोतवालाला सांग, जॅबेझ थर्लोला सोड. कठडा दुरुस्तीसाठी उतरवलाय. कुणी उतरवला हे मी सांगत नाही, आणि विचारणाऱ्यानं मला विचारावं. आणि ईस्टरला,” ते बायकोकडे बघून म्हणाले, “मी कठड्याच्या बाहेर येईन. भाकर बाकांवरून फिरेल. कुणी काय खाल्लं हे बघायला देव समर्थ आहे. मला ते काम कुणी दिलेलं नाही.”

७

पुढचे दोन दिवस ऑकेनहॅमनं एक अजब दृश्य पाहिलं. जॅबेझ थर्लो त्या कठड्यापुढे चक्क गुडघ्यांवर!

“प्रार्थनेसाठी नाही हं,” तो येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत होता, “खुंट्या ठोकायला!”

“आडवा धर, आडवा!” डॅगेट ओरडत होता. “तुझ्यापेक्षा माझी म्हातारी गाय बरी मदत करेल!”

गुरुवारी तपासनीस आला. लांब नाकाचा, सर्दी झालेला. कठड्यात हात घालून, डोकं तिरकं करून त्यानं दांड्यांमधलं अंतर पाहिलं. मग स्वतःचं छोटं कुत्रं आत ढकलून पाहिलं. कुत्रं शिरेना, उलट त्याला चावायला धावलं.

“ठीक आहे,” तो शिंकत म्हणाला. “मला इथं एका गुन्हेगाराला न्यायचं होतं म्हणे?”

“गैरसमज झाला होता,” पाद्रीसाहेब म्हणाले. “माझा.”

तपासनीस गेला. आणि त्याचा घोडा वळणाआड दिसेनासा होतो न होतो तोच हिटीच्या बापानं तोंड उघडलं.

“साहेब, उपकार मानतो. पण कठडा चूक आहे तो आहेच.”

“थर्लो, भिंतीला मेज असणं हे प्राचीन काळापासून...”

“प्राचीन काळी भिंत होती का? प्रभूनं शिष्यांना जेवायला बसवलं, रांगेत उभं नाही केलं!”

“तिथं गुडघे टेकले नव्हते असं कुठं लिहिलंय?”

“टेकले होते असं कुठं लिहिलंय?”

दोघं चर्चच्या अंगणात, समाध्यांच्या मधोमध, एकमेकांच्या नाकासमोर बोटं नाचवत होते. हिटीनं कपाळावर हात मारला. एवढं सगळं करून पुन्हा तेच? मग तिनं नीट पाहिलं. पाद्रीसाहेबांचे कान लाल झाले होते, पण डोळे चमकत होते. तिचा बाप तर किती दिवसांनी इतका खुश दिसत होता! कोतवाल भिंतीवर बसून सफरचंद खात होता. त्याला कुणी बोलावलंच नाही.

तेवढ्यात बार्बराबाई घरातून एक बाक ओढत आल्या. तो त्यांनी गवतावर, त्या दोघांच्या मागे आणून ठेवला आणि वर गरम पावाचं ताट.

“उभ्यानं कशाला भांडता?” त्या म्हणाल्या. “बसून भांडा.”

आणि गंमत म्हणजे दोघंही बसले.